येरमाळ्याच्या भरल्या बाटल्या

लोक थंडीच्या दिवसांत महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात, फार तर माहेरी जातात. आम्ही गेलो येरमाळ्याला, आणि तेही तिथल्या माणसांच्या पोटातले जंतू आणायला. शाळेतल्या मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, "का गं, पुण्यातले संपले?" तो प्रश्न मी घरी येऊन जसाच्या तसा यांच्यापुढे ठेवला. यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "पुण्यातले निराळे असतात."

'हे' म्हणजे माझे यजमान. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत हे जंतू वाढवतात. काचेच्या ताटलीत त्यांना खायला घालतात, उबेत निजवतात आणि सकाळी जाऊन त्यांची विचारपूस करतात. इतकी विचारपूस माझ्या माहेरच्या माणसांची यांनी कधी केलेली मला आठवत नाही. यांचं म्हणणं असं, की माणसाच्या आतड्यांत असंख्य जंतू बिऱ्हाड करून असतात. बहुतेक सज्जन. अन्न पचवायला मदत करतात, म्हणजे भाडं वेळेवर देतात. पण खाण्यापिण्याची आबाळ झाली की सज्जन बिऱ्हाड हलवतात आणि भांडकुदळ शिरजोर होतात. मग त्यांचं विष आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरतं आणि भलत्याच ठिकाणी, सांध्यांत, डोळ्यांत, कातडीत जाळ पेटतो. "चूल पोटात आणि धूर बोटांत," असं हे सांगत.

प्रयोगशाळेतले लोक हसत. एका जागचे जंतू दुसऱ्याच जागी दुखणं उठवतात ही कल्पना आपल्या गुरुजनांच्या काळातच मोडीत निघाली, असं यांचे साहेब म्हणत. सांधे सुजलेला माणूस आला की त्या वेळचे कित्येक डॉक्टर आधी त्याचे दात उपटत, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर टॉन्सिल काढत. आतड्यांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, म्हणून यांचं होतं.

आता खरी गोष्ट सांगते. ती आम्हां दोघांनाच ठाऊक होती, निदान आमची तशी समजूत होती. गेल्या पावसाळ्यापासून यांची बोटं सकाळी उघडत नव्हती. उठल्यावर मुठी आवळलेल्या, सांधे लाल आणि फुगलेले. हे न्हाणीघरात गरम पाण्याच्या घंगाळात हात बुडवून बसत आणि दाराबाहेरून कुणी हाक मारली तर स्तोत्र म्हणतोय म्हणून सांगत. यांना एकही स्तोत्र पुरतं येत नाही. शर्टाची बटणं मी लावायची. दुपारपर्यंत बोटं सैल होत आणि मग हे प्रयोगशाळेत असे वावरत की कुणाला शंका येऊ नये.

यांचं सगळं काम बोटांचं. तारेच्या टोकाला एक बारीक वेटोळं असतं, त्यावर जंतूंचा ठिपका उचलायचा आणि ताटलीतल्या खाद्यावर अलगद रेघ ओढायची. हात थरथरला की रेघ बिघडली, आणि रेघ बिघडली की सारा खटाटोप वाया. साहेबांना कळलं असतं तर यांना टेबलाशी बसवून अहवाल लिहायला लावलं असतं, आणि हे त्या खुर्चीत सुकून गेले असते. म्हणून कुणाला सांगायचं नाही, डॉक्टरला तर मुळीच नाही, अशी मला ताकीद होती. बोटं जायच्या आत या दुखण्याचा उगम आतड्यात आहे हे दाखवून द्यायचं, आणि जमलं तर त्यावरचा उताराही शोधायचा, असा यांचा बेत होता.

येरमाळाच का? तर प्रयोगशाळेतला शिपाई तिकडचा. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबवलेल्या आंबिलीचं वर्णन करताना त्याच्या तोंडाला पाणी सुटे. "आमच्याकडं माणसाची बोटं वाकत न्हाईत साहेब, आमी आंबील पितो," असं तो एकदा बोलून गेला. एवढ्या एका वाक्यावर शास्त्रीय मोहीम उभी राहिली. यांना रजा मिळाली, आणि यांना मिळाली म्हणून शिपायाला मिळाली नाही. त्यानं बिचाऱ्यानं आपल्या गावच्या मास्तरांना निरोप धाडला आणि स्वतः पुण्यातच राहिला.

येडशी

कुर्डुवाडीला गाडी बदलून आम्ही अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत बसलो. तिच्या वेगाबद्दल मी लिहिणार नाही, कारण तिनं आम्हाला शेवटी पोचवलं. खिडकीतून दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरत आलेली, आणि मधूनच हरभऱ्याचा हिरवा पट्टा. पुण्याकडच्या शेतांपेक्षा इथली माती काळी, इतकी की यांच्या पांढऱ्या विजारीवर ती दिवसभर दिसत राहिली.

येडशीला उतरून एस. टी. धरली. आमच्याबरोबर एक लाकडी पेटी होती. तिच्यात गवतात बसवलेल्या रुंद तोंडाच्या, फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्या, स्पिरिटचा दिवा आणि काही नळ्या होत्या. कंडक्टरनं पेटी हलवून पाहिली.

"काय हाय यात?"

"रिकाम्या बाटल्या," हे म्हणाले.

"पुण्याहून रिकाम्या आणल्याव? मग इथं काय भरनार?"

दारूबंदीचे दिवस. शेजारच्या बाकावरचे दोघे पुढे सरकले. कंडक्टरनं एक बाटली काढून तिचा वास घेतला, मग उन्हात धरली. यांना खोटं बोलता येत नाही आणि खरं सोप्या भाषेत सांगता येत नाही. "मलपरीक्षणासाठी," हे म्हणाले. कंडक्टरला तो शब्द कळायला वेळ लागला. कळला तशी त्यानं बाटली हळूच गवतात ठेवली, हात विजारीला पुसला आणि पेटी गाडीच्या टपावर चढवून दिली. आम्हाला मात्र त्यानं खिडकीची जागा दिली आणि येरमाळा येईपर्यंत आमच्या जवळपास कुणाला बसू दिलं नाही.

गुरुजींचं घर

मास्तरांना सारं गाव गुरुजी म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणते. गुरुजी स्टँडवर घ्यायला आले होते. धोतर, काळी टोपी आणि डोळ्यांत मिस्कीलपणा. "सफरीत काही तकलीफ तर झाली न्हाई ना?" त्यांनी विचारलं. निजामाच्या अमलात त्यांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. आता ते मुलांना शुद्ध मराठी शिकवतात, पण आदरातिथ्याची वेळ आली की त्यांना उर्दूच सापडते. पुण्यात आमच्या गल्लीत कुणी पाहुण्याला तकलीफ विचारत नाही. पाहुणा आला हीच तकलीफ, असा तिथला समज आहे.

घरात तीनच माणसं. गुरुजी, त्यांची बायको अनसूया आणि गुरुजींची आई. आईंना सगळे माय म्हणत. माय ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. हे डॉक्टर नाहीत हे गुरुजींनी त्यांना दोनदा सांगितलं, पण पुण्याहून बाटल्या घेऊन आलेला माणूस डॉक्टर नाही यावर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी आधी जीभ दाखवली. यांनी ती नाइलाजानं पाहिली. मग त्यांनी पदराखालचे हात बाहेर काढले.

बोटं सगळी बाहेरच्या बाजूला वळलेली, सांधे आल्याच्या कांड्यांसारखे. हे एकदम पुढे वाकले.

"हे कधीपासून?" यांनी विचारलं.

"ही अनसूया या घरात आली न्हवं, त्या सालापासनं."

"म्हंजी माझ्याच पायगुणानं म्हना की," अनसूया आतून म्हणाली.

"मी कुटं तसं म्हनले? साल ध्येनात ऱ्हावं म्हनून सांगितलं."

यांनी घसा साफ केला. "आंबील पिता का तुम्ही?"

"आता गं बया!" माय हसल्या. "आंबिलीवरच तर वाढले म्या. दात न्हवते तवापासनं पिते, आन आता दात न्हाईत तरी पिते."

माझ्या नवऱ्याची मोहीम चहा यायच्या आत संपली. एरवी मी हसले असते. पण हे मायचा हात सोडायला तयार नव्हते. एकेक सांधा हलकेच चाचपत होते, आणि यांची स्वतःची बोटं त्या बोटांशेजारी दिसत होती, तशीच लाल, अजून सरळ. यांना काय दिसतंय ते मला कळलं. पाणी प्यायच्या निमित्तानं मी आत गेले आणि अनसूयेच्या चुलीपाशी उगाच उभी राहिले. धूर डोळ्यांत जातोय म्हणून तिनं मला पाट सरकवून दिला.

बाहेर येते तर यांनी स्वतःला सावरलं होतं. एका माणसावरून काही ठरत नाही, असं गुरुजींना समजावत होते. मायसारखे आजारी किती, धडधाकट किती, दोघांच्या पोटातले जंतू सारखे की निराळे, हे ताडून पाहायला हवं. म्हणजे दोन्हीकडचे नमुने हवेत. "माझ्यावर सोडा," गुरुजी म्हणाले.

दिवस कलता कलता देवळाच्या पारावर माणसं जमली. यांनी आतड्यांविषयी भाषण केलं, बाटलीचं झाकण कसं फिरवायचं तेही दाखवलं. त्यात बिऱ्हाड आलं, चूल आली, धूर आला, आणि ज्याच्यासाठी आलो ते मात्र येईना. शेवटी गुरुजींनी एक बाटली हातात घेतली आणि वर्गात सांगावं तसं स्वच्छ सांगितलं, की सकाळी रानात जाऊन आल्यावर यात काय आणि किती आणायचं आहे. कुणालाही शंका राहू नये इतकं स्वच्छ. बायकांनी पदर तोंडाला लावले. पुरुषांनी आकाशाकडे पाहिलं.

"आनतो की," मागून एका म्हाताऱ्या धनगरानं सांगितलं. "पर उद्या न्हाय. उद्या येळवस हाय."

मार्गशीर्षातल्या अमावस्येला इकडे येळवस म्हणतात, आणि त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे शेतात जेवायला जातात, हे शिपायानं यांना सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि यांनी त्यातलं फक्त आंबील ऐकलं असेल. परवा बाटल्या आणायच्या असं ठरलं. लोक एकेक बाटली घेऊन गेले, मान वळवून परत परत यांच्याकडे पाहत. यांना वाटलं, भाषणाचा परिणाम झाला.

येळवस

सकाळी मी डोळे उघडले तर आमच्या खोलीच्या दाराशी कढत पाण्याचं घंगाळ ठेवलेलं. यांना हायसं वाटलं. मला वाटलं, काय ही अगत्याची माणसं. न मागता पाहुण्याला पाणी तापवून देतात.

उजाडल्यावर बायका डोक्यावर टोपल्या घेऊन निघाल्या. आंबिलीची मडकी त्यांत सर्वांत वर, फडक्यानं तोंड बांधलेली. गुरुजींचं वावर गावापासून बरंच लांब. मायना बैलगाडीत बसवलं होतं आणि मायनी यांनाही शेजारी बोलावून घेतलं. "डाक्टरांनी चालायचं न्हाय," हा त्यांचा हुकूम. मी मात्र ढेकळांतून चालत गेले आणि माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. कुणाचं लक्ष नव्हतं, मीच पदराच्या काठाची चिंधी बांधून पुढे निघाले.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी केली होती. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले, ते पांडव. त्यांना नैवेद्य दाखवायचा, मग आंबील घेऊन पिकाभोवती फेरी मारायची आणि ओरडत शिंपडत जायचं. ओरडतात त्या शब्दांचा अर्थ मी गुरुजींना विचारला. "आमच्या आज्यालाही ठाऊक नव्हता," ते म्हणाले, "पण मोठ्यानं म्हणायचं असतं, एवढं नक्की."

आणि जेवण! आमच्याकडे भजी म्हणजे तळलेली. इथली भज्जी म्हणजे तुरीचे, पावट्याचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे, मेथी, चुका, शेतात दिसेल ते सगळं बेसनात रटरट शिजवलेलं. तिच्याबरोबर बाजरीचे उकडलेले उंडे, शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर. आंबील लसूण आणि आलं घातलेली, गार, आंबट, घशातून उतरताना नाकातही थोडी जाणारी. पुण्यात आम्ही जेवण झाल्यावर वाटीभर पातळ ताक पितो आणि पोटाची काळजी घेतल्याचं समाधान मानतो. इथं बायका तांब्या तिरका करूनच उभ्या. नको म्हणायला तोंड रिकामं हवं ना.

आंबील पाहताच यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. नमुना घ्यायचा तर नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवून घ्यावं लागतं. वारा लागू नये म्हणून हे खोपेत शिरले आणि त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला. वाळल्या कडब्याच्या खोपेत! बाहेर एकच ओरडा झाला. "पांडव जळतील!" म्हणत धनगर म्हातारा आत धावला, गुरुजींनी एका फुंकरीत दिवा विझवला आणि यांना दंडाला धरून बाहेर आणलं. हे म्हणत होते, "एक क्षण, फक्त एक क्षण." पांडव वाचले. यांच्या भुवईचे थोडे केस गेले, ते कुणाच्या लक्षात आले नाहीत असं यांचं अजूनही मत आहे.

पंगत बसली. उंडे टणक होते. मायच्या ताटातला उंडा अनसूयेनं कुस्करला, त्यावर भज्जी ओतली आणि चुरा मऊ करून दिला. मग ती पुढे सरकली आणि यांच्याही ताटातला उंडा तसाच कुस्करला. यांनी हात मागे घेतला होता, तो तसाच मांडीवर राहिला. मला वाटलं, पाहुण्याला वाढायची ही इथली रीत असेल. मी मनात नोंद केली, की पुण्याला गेल्यावर हे लिहायचं. माझं ताट मात्र तिनं तसंच सोडलं, त्याचं मला थोडं वाईटही वाटलं.

जेवणं झाल्यावर पुरुष बोराटीच्या सावलीत लवंडले. हे मायजवळ बसून होते. माय यांना सांगत होत्या की दुखणं पाऊस पडायच्या आधी वाढतं, गोड जास्त झालं की वाढतं, आणि सून रुसली की सगळ्यांत जास्त वाढतं. हे तिन्ही गोष्टी सारख्याच गांभीर्यानं ऐकत होते. किती दिवसांत मी यांना दुखण्याविषयी दुसऱ्या कुणाशी इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. अर्थात बोलणं मायच्या दुखण्याचं चाललं होतं.

बाटल्या आल्या

दुसऱ्या दिवशी आमची दुपारची गाडी. सकाळपासून हे अंगणात पेटी उघडून बसले होते, शर्टाची बटणं मी लावलेली, हात पंचाखाली झाकलेले. गावातली माणसं एकेक करून यायला लागली. प्रत्येकाच्या हातात बाटली, फडक्यात गुंडाळलेली. हे उठून उभे राहिले. आयुष्यात इतक्या आनंदानं यांनी कुणाचं स्वागत केलेलं मी पाहिलं नाही.

पहिल्या बाईनं फडकं सोडलं. बाटलीत पिवळंधमक तेल होतं.

"करडईचं हाय," ती म्हणाली. "लसूण घालून कढवलंया."

दुसऱ्या बाटलीत निर्गुडीचा पाला उकळून केलेलं हिरवं काहीतरी. तिसरीत सुंठ आणि गूळ. चौथीत मेथीचे लाडू, बाटलीच्या तोंडातून जाईनात म्हणून दाबून बसवलेले. धनगर म्हाताऱ्यानं मेंढीच्या दुधाचं तूप आणलं होतं आणि ते अंगणात आल्याबरोबर वासानं सगळ्यांना कळलं. मायनी स्वतःची बाटली अनसूयेकडून गाईच्या तुपानं भरून घेतली होती. बघता बघता पेटीतल्या गवतावर वाण्याचं दुकान मांडलं गेलं.

हे एकेका बाटलीकडे पाहत राहिले. "पण मी जे सांगितलं होतं..." यांच्या तोंडून कसंबसं निघालं. "गुरुजी, समजलं नाही का यांना?"

"समजलं की," तेलवाली बाई म्हणाली. "चांगलं समजलं. पर आमच्या रानात जेवलाव तुमी. येळवसेचं जेवलाव. आन जेवल्या मान्साच्या हातात असलं ठिवायचं? कुनी करंल का?"

"आन भांडं रिकामं तरी कसं द्यावं माघारी?" दुसरी म्हणाली.

शेजारच्या घरचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं हे आम्हीही पाळतो. पण पुण्यात त्यासाठी चिमूटभर साखर पुरते. मला हसू आवरेना. पदर तोंडात धरून मी खांबाकडे वळले. आमची सारी मोहीम या माणसांच्या सभ्यतेवर आपटून फुटली होती, आणि यांचा चेहरा म्हणजे अगदी बघण्यासारखा होता.

"आन हे येळच्या येळी हातावर चोळा," तेलवाली म्हणाली. "झोपताना. वरनं एरंडाचं पान बांधा."

"हातावर?" हे म्हणाले. "माझ्या हाताला काय झालंय?"

सगळ्यांच्या नजरा पंचाकडे गेल्या. माझं हसू तिथंच थांबलं. कढत पाण्याचं घंगाळ, बैलगाडी, कुस्करलेला उंडा, सगळं मला एका क्षणात कळलं. ती पाहुण्याची रीत नव्हती. पारावर हे भाषण करत असतानाच, बाटलीचं झाकण उघडताना यांची प्रवासानं आखडलेली बोटं कशी चालतात ते गावानं पाहिलं होतं. पुण्यात जे इतक्या हुशार माणसांत लपलं, ते इथं एका सांजेत उघडं पडलं होतं.

मायनी यांना खूण करून शेजारी बसवलं. "माझं बी असंच सुरू झालं हुतं," त्या म्हणाल्या. "सकाळी मुठी उघडत न्हाईत, व्हय ना? तुमचं किती दिस झालं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पंचाखालचे हात बाहेर काढून मांडीवर ठेवले, त्या सगळ्यांच्या देखत.

"दोन वर्षं," हे म्हणाले.

मला पावसाळ्यापासूनचं सांगितलं होतं. मला यांचा इतका राग आला की तोवर कधी आला नव्हता. म्हणजे त्याआधी दीड वर्ष हा माणूस माझ्या शेजारी झोपून दुखणं सोसत होता आणि मी याला चिडवत होते, की तुमचे जंतू तुम्हाला बायकोपेक्षा प्रिय. राग आला आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. अनसूया माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

ते तेल अजून आमच्या फळीवर आहे. मी रोज रात्री लावते. गुण येतो की नाही अजून सांगता येत नाही, घरभर लसणाचा वास मात्र येतो.

त्या सकाळी मायचं ऐकून झाल्यावर हे उठले. मग पेटीत हात घालून गवताच्या तळाशी राहिलेली एकच बाटली काढली, आणि तांब्या मागितला.

"कुठं निघालाव?" गुरुजींनी विचारलं.

"एक तरी नमुना न्यायलाच हवा," हे म्हणाले. "तुमच्याकडची आंबील मीही प्यालोय."

एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात बाटली घेऊन माझे यजमान ओढ्याकडे निघाले. हे कशाला चालले आहेत ते सबंध गावाला माहीत होतं. कुणी हसलं नाही. पुरुषांनी आपणहून पाठ फिरवली. म्हातारा धनगर तर जाता जाता "उजव्या हातानं जावा, तिकडं काटं कमी हायती," असं सांगून गेला.

परत आल्यावर यांनी बाटली कागदात गुंडाळून, दोरा बांधून अंगणाच्या कोपऱ्यात ठेवली, राखेनं हात धुतले आणि मला हाक मारली. बाटलीवर चिठ्ठी लावायची होती. सकाळची वेळ, यांना पेन्सिल धरता येईना. पुण्यात अशा वेळी हे थांबले असते, दुपारपर्यंत थांबले असते. इथं सगळ्यांसमोर म्हणाले, "तू लिही. आधी नाव."

मी पेन्सिल टेकवते तोच अनसूयेनं माझा हात धरला. "तसं न्हाय, ताई. नवऱ्याचं नाव न घेता कसं लिवायचं? आधी नाव घ्या."

"अगं, पण कशाच्या बाटलीवर!"

"कशाच्या का असंना. नाव त्येंचंच हाय ना?"

बायकांनी घोळका केला. सुटका नव्हती. लग्नात घेतलेला उखाणा केव्हाच विसरले होते. मी डोळे पुसले, आणि त्या घटकेला जसं सुचलं तसं घेतलं:

"आंबिलीच्या मडक्याला लसणाची फोडणी,
श्रीधररावांच्या दोन हातांना माझ्या दोहोंची जोडणी."

मग मी नाव लिहिलं. त्याच्याखाली दोनच शब्दांतला एक लिहायचा असतो, निरोगी किंवा रुग्ण. ही यांनीच ठरवलेली पद्धत. मी पेन्सिल थांबवली आणि यांच्याकडे पाहिलं. हे स्वतःच्या बोटांकडे पाहत होते.

"रुग्ण," हे म्हणाले. "स्पष्ट लिही. साहेबांना वाचता आलं पाहिजे."

मी लिहिलं. माय पुढे सरकून बसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी त्या चिठ्ठीकडे नीट पाहिलं आणि मग सुनेकडे वळल्या.

"अनसूये, पाव्हण्यानं दिलं, आता घरच्यांना लाज कसली? माझी ती तुपाची बाटली रिकामी कर."

अनसूया बाटली उचलून आत निघाली.

"बाटली उकळून घ्या आधी," हे मागून म्हणाले.